गेला गोरिला कुणीकडे?

काम अगदी सोपं. पडद्यावर सहा जण दिसतात, तिघांचे शर्ट पांढरे आणि तिघांचे काळे. दोन्ही चमू इकडेतिकडे फिरत आपापसात बास्केटबॉल टाकतायत. पांढऱ्या शर्टवाल्यांनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे दिला, तेवढं मोजायचं. मधेच गोरिलाचा वेष चढवलेली एक व्यक्ती या घोळक्यात शिरते, बरोबर मधोमध थांबते, कॅमेऱ्याकडे तोंड करून छाती बडवते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. पूर्ण नऊ सेकंद ती पडद्यावर असते. नंतर विचारलं, ‘गोरिला दिसला का?’ तर जवळजवळ निम्मे लोक म्हणतात, ‘कसला गोरिला?’

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्ड विद्यापीठात केलेला हा प्रयोग १९९९ साली ‘पर्सेप्शन’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. पोशाख बालमानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून उसना आणलेला आणि फिल्म मानसशास्त्र विभागातल्याच लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत घेतलेली. इतक्या साध्या सामग्रीतून मानसशास्त्रातला बहुधा सर्वांत गाजलेला व्हिडिओ तयार झाला. फिल्म पुन्हा दाखवल्यावर काही जणांचा विश्वासच बसला नाही. तुम्ही टेप बदललीत, असा आरोपही त्यांनी केला. २००४ मध्ये या शोधाला इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जातं आणि या प्रयोगाला ते शोभूनही दिसतं.

काळ्यांचे पास मोजले तर?

गंमत पुढे आहे. काळ्या शर्टवाल्यांचे पास मोजायला सांगितले की गोरिला बऱ्याच जास्त लोकांना दिसतो. कारण गोरिला काळाच. पांढरं मोजणारा मेंदू ‘काळं ते बाजूला सार’ असा हुकूम सोडून बसलेला असतो आणि त्या हुकमात गोरिलाही बाजूला सारला जातो. म्हणजे न दिसणं हा लक्ष देण्यातला दोष म्हणता येणार नाही. लक्ष चोख दिलं, म्हणूनच तो दिसला नाही!

सायमन्स आणि शाब्री यांच्या आधी वीस वर्षं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर यांनी असाच खेळ मांडला होता. त्यांच्या फिल्ममध्ये गोरिलाच्या जागी उघडी छत्री घेतलेली एक बाई खेळाडूंमधून चालत जायची. तीही बहुतेकांना दिसली नाही. पुढे एरियन मॅक आणि आयर्विन रॉक यांनी या गोष्टीला ‘इनअटेन्शनल ब्लाइंडनेस’ असं नाव दिलं. सरळ मराठीत सांगायचं तर डोळे शाबूत, समोरची वस्तू स्पष्ट, पण लक्ष दुसरीकडे असल्यामुळे आलेलं आंधळेपण.

नजर पडली, तरी दिसलं नाही

आता कुणी म्हणेल, त्या माणसांची नजरच गोरिलाकडे गेली नसेल. जर्मन संशोधक डॅनियल मेमर्ट यांनी हीच शंका तपासली. प्रेक्षकांच्या नजरेचा माग घेणारं यंत्र लावून २००६ साली त्यांनी दाखवून दिलं, की गोरिला ‘दिसलेले’ आणि ‘न दिसलेले’ असे दोन्ही प्रकारचे लोक गोरिलाकडे जवळपास सारखाच वेळ, सरासरी सेकंदभर, बघत होते. डोळा तिथेच होता, पण खबर आत पोहोचली नव्हती.

यापेक्षा जास्त हादरवणारा पुरावा रेडिओलॉजिस्टांकडून आला. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा वो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि कर्करोगाच्या बारीक गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं एक चित्र घुसवलं होतं. एखाद्या सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं! २४ पैकी २० डॉक्टरांना ते दिसलं नाही. त्यातल्या बारा जणांची नजर थेट गोरिलावर स्थिरावल्याचं यंत्राने टिपलं होतं.

हा निष्कर्ष वाचून डॉक्टरांना दोष द्यायचा मोह होईल, तो आवरायला हवा. गाठी शोधायला सांगितलं होतं आणि गाठी त्यांनी सामान्य माणसांपेक्षा कितीतरी सरस शोधल्या. तोच स्कॅन वैद्यकीय शिक्षण नसलेल्या लोकांना दाखवला तेव्हा एकालाही गोरिला सापडला नाही. अनुभवाने नजर तयार होते ती ठरावीक गोष्टीसाठी. सगळं काही टिपणारी नजर कुणालाच मिळत नाही.

बोलता बोलता माणूस बदलला

कॉर्नेल विद्यापीठाचा परिसर. हातात नकाशा घेतलेला एक तरुण रस्त्यावरच्या माणसाला थांबवून पत्ता विचारतो. बोलणं चालू असतानाच दोन जण एक भलंमोठं दार उचलून आणतात आणि त्या दोघांच्या मधून घुसतात. दाराआड क्षणभरात अदलाबदल होते. पत्ता विचारणारा दार धरून निघून जातो आणि दार आणणाऱ्यांपैकी एक तिथे नकाशा घेऊन उभा राहतो. उंची वेगळी, आवाज वेगळा, कपडे वेगळे. वाटसरू मात्र पत्ता सांगत राहतो!

सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात १५ पैकी आठ जणांना माणूस बदलल्याचं कळलं नाही. ज्यांना कळलं ते प्रयोग करणाऱ्यांच्याच वयाचे तरुण विद्यार्थी होते. मग या दोघांनी एक डाव टाकला. बांधकाम मजुरांचे कपडे आणि डोक्यावर हेल्मेट असा वेष करून त्यांनी पुन्हा विद्यार्थ्यांनाच गाठलं. आता बारापैकी फक्त चौघांच्या लक्षात आलं. समोरचा ‘आपल्यातला’ असेल तर आपण त्याचा चेहरा बघतो. तो ‘कुणीतरी मजूर’ असेल तर ‘मजूर’ एवढी पाटी वाचून मोकळे होतो. या सगळ्या प्रयोगांमधली ही बाब मला सर्वांत जास्त टोचते. वॉचमन, डिलिव्हरीवाला, रोज कचरा नेणाऱ्या मावशी यांचे चेहरे आपल्याला किती आठवतात, हे ज्याने त्याने स्वतःला विचारून बघावं.

सिनेमावाल्यांचं गुपित

याच जोडीने एक छोटी फिल्म बनवली होती. दोन मैत्रिणी टेबलाशी बसून गप्पा मारतायत, इतकंच. प्रत्येक कटला मुद्दाम काहीतरी बदललेलं. एकीच्या गळ्यातला स्कार्फ गायब होतो, परत येतो. टेबलावरच्या लाल बश्या पांढऱ्या होतात. असे एकूण नऊ बदल होते आणि पहिल्यांदा फिल्म बघणाऱ्या दहांपैकी फक्त एकाला काहीतरी बदलल्यासारखं वाटलं, तेही अंधूकच. ‘बदल होणार आहेत’ असं सांगून पुन्हा दाखवली तरी नऊपैकी सरासरी दोनच सापडले. चित्रीकरणाच्या सेटवर प्रत्येक शॉटमधला कप, पदर, केसांची बट टिपून ठेवणारी वेगळी व्यक्ती असते. ते काम नुसत्या हुशारीवर सोपवून का चालत नाही, ते इथे कळतं.

अंगठ्याच्या नखाएवढी स्पष्टता

आपल्याला वाटतं समोरचं सगळं दृश्य एकसारखं स्वच्छ दिसतंय. तसं नसतं. हात सरळ लांब करून अंगठा उभा धरा. डोळ्याला खरोखर बारकाईने दिसणारा भाग त्या नखाहून फार मोठा नसतो. बाकी सगळं धूसर. हे ध्यानात येत नाही, कारण डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारत इकडून तिकडे जातो आणि जिथे जाईल तिथे स्वच्छ दिसतं.

या उड्यांचीही एक मजा करून बघा. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील. उडीच्या काळात मेंदू दृष्टीची खबर दाबून टाकतो. तसं केलं नसतं तर जग सतत गरगरत राहिलं असतं.

आणि डोळ्यात एक भोकही आहे. कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठळक टिंब काढा. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. फुटभर अंतरावर कुठेतरी टिंब नाहीसं होतं. दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. एडम मारियोत या फ्रेंच वैज्ञानिकाला हा अंधबिंदू सतराव्या शतकात सापडला. त्या आधी हजारो वर्षं माणसं डोळ्यात हे भोक घेऊन फिरत होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने परस्पर भरून टाकतो.

प्रश्न बदलला की नजर बदलते

रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यारबुस यांनी डोळ्यावर चक्क एक छोटी टोपी बसवली आणि नजरेची वाट कागदावर उमटवली. मग चित्रकार इल्या रेपिन यांचं एक प्रसिद्ध चित्र दाखवलं, ज्यात बराच काळ दूर असलेला एक माणूस अचानक घरात शिरतोय. चित्र तेच, पण प्रश्न निराळे. ‘या लोकांची वयं काय असतील?’ असं विचारल्यावर नजर चेहऱ्यांवरून फिरली. ‘घर श्रीमंत आहे का?’ म्हटल्यावर फर्निचर आणि कपड्यांकडे गेली. ‘हा माणूस किती दिवसांनी परतला असेल?’ म्हटल्यावर आलेल्याच्या आणि घरच्यांच्या चेहऱ्यांमध्ये येरझारा घालू लागली. यारबुस यांचं पुस्तक इंग्रजीत १९६७ साली आलं आणि आजही या विषयावर काम करणारं कुणीही त्याच्याशिवाय पुढे जात नाही.

कानाचंही तेच

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या पॉली डाल्टन आणि निक फ्रेंकेल यांनी ‘ऐकू न येणारा गोरिला’ तयार केला. ध्वनिफितीत दोन बायका आणि दोन पुरुष पार्टीच्या तयारीबद्दल बोलतायत. मधूनच एक माणूस ‘मी गोरिला आहे, मी गोरिला आहे’ असं १९ सेकंद बडबडत जातो. बायकांचं बोलणं लक्ष देऊन ऐकणाऱ्या ७० टक्के लोकांना तो ऐकूच आला नाही. पुरुषांचं बोलणं ऐकणाऱ्यांपैकी मात्र ९० टक्क्यांना ऐकू आला. पांढरे-काळे शर्ट आठवतात ना? इथे रंगाचं काम आवाजाने केलं.

सायकलवरचा विदूषक

वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात आयरा हायमन यांच्या चमूने एक विदूषक सोडला. जांभळे-पिवळे कपडे, लाल नाक, शिवाय एकचाकी सायकलवर स्वार! चौकातून चालत आलेल्यांना पलीकडे गाठून विचारलं, विदूषक दिसला का? जोडीने गप्पा मारत चाललेल्यांपैकी ७१ टक्क्यांना दिसला होता. कानात गाणी लावलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना. मोबाइलवर बोलत चाललेल्यांपैकी अवघ्या २५ टक्क्यांना.

गप्पा दोन्हीकडे आहेत, मग फरक का? बरोबर चालणाऱ्याचेही डोळे रस्त्यावर असतात. तो ‘अरे, ते बघ’ म्हणतो किंवा समोर काही आलं की बोलणं थांबवतो. फोनपलीकडच्याला तुमचा रस्ता दिसत नाही. म्हणूनच गाडी चालवताना ‘हँड्सफ्री आहे, हात मोकळे आहेत’ ही समजूत फसवी आहे. युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर वर्षानुवर्षं हेच प्रयोगांनी दाखवत आले आहेत. गुंततं ते लक्ष आणि त्याच्यासाठी फोन हातात असो वा कानात, फारसा फरक पडत नाही.

दुचाकीच्या अपघातांत हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘अहो, मी बघितलं होतं, पण हा दिसलाच नाही.’ आपल्याला ही पळवाट वाटते. अपघातांचा अभ्यास करणारे लोक तिला एक वेगळा प्रकार मानतात: चालकाने त्या दिशेला खरंच बघितलेलं असतं, पण त्याचं मन मोटारी शोधत असतं. यातून पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये मांडलेली एक गोष्टही उमगते. ज्या गावात सायकलवाले जास्त, तिथे एकेका सायकलवाल्याला असलेला धोका कमी असतो. जे रोज दिसतं ते शोधायला नजर तयार असते.

न दिसण्याची शिक्षा

२५ जानेवारी १९९५ची पहाट, शहर बोस्टन. पोलीस एका गोळीबारातल्या संशयितांचा पाठलाग करत होते. मायकेल कॉक्स हा साध्या वेषातला कृष्णवर्णीय पोलीस संशयिताच्या मागे धावला आणि त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला गुन्हेगार समजून बेदम मारलं. केनी कॉन्ली नावाचा दुसरा पोलीस त्याच जागेवरून धावत गेला, कुंपण ओलांडून त्याने संशयिताला पकडलं. चौकशीत तो म्हणाला, मला मारहाण दिसली नाही. कुणाचाही विश्वास बसला नाही. खोटी साक्ष आणि न्यायकार्यात अडथळा या गुन्ह्यांत तो दोषी ठरला, ३४ महिन्यांची शिक्षा झाली. अनेक वर्षांच्या अपिलांनंतर ती रद्द झाली आणि तो नोकरीत परतला. मारहाण झालेले कॉक्स २०२२ मध्ये बोस्टनचे पोलीस आयुक्त झाले.

शाब्री आणि सायमन्स यांनी या प्रकरणाची प्रतिकृती रचली. विद्यार्थ्यांना एका धावणाऱ्या माणसाच्या मागे पळायला लावलं. तो किती वेळा डोक्याला हात लावतो, ते मोजायचं. वाटेच्या कडेला तिघांची खोटी मारामारी, ओरडाआरड्यासकट. रात्री फक्त ३५ टक्के विद्यार्थ्यांना मारामारी दिसली. दिवसाढवळ्यासुद्धा ५६ टक्क्यांनाच. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या रात्री कॉन्लीला काय दिसलं, हे यातून सिद्ध होत नाही आणि लेखकांनीही तसा दावा केलेला नाही. पण ‘समोर घडत होतं, म्हणजे दिसलंच असणार’ या एका गृहीतकावर माणसाला खोटारडा ठरवता येणार नाही, एवढं नक्की झालं. साक्षीपुराव्यावर चालणाऱ्या जगातल्या कुठल्याही कोर्टाने हा अभ्यास जवळ ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

दुर्मीळ ते निसटतं

विमानतळावर बॅगांची क्ष-किरण तपासणी करणाऱ्यांचं काम किती अवघड आहे, हे जेरेमी वुल्फ यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांमध्ये असेल तर लोक ती सात टक्के वेळा चुकतात. तीच वस्तू शंभरात एकदाच असेल तर चुका ३० टक्क्यांवर जातात. डोळा तोच, वस्तू तीच. ‘नाही, नाही, नाही’ म्हणायची सवय लागली की ‘आहे’ हातातून निसटतं. यावर एक तोडगा अनेक विमानतळांवर वापरला जातो. यंत्रच अधूनमधून खोट्या शस्त्राची प्रतिमा पडद्यावर टाकतं, म्हणजे तपासनिसाला ‘सापडणं’ ही गोष्ट रोजच्या सवयीची राहते.

आता मला कळलंय, मी नाही फसणार

सायमन्स आणि शाब्री यांनी अमेरिकेत केलेल्या सर्वेक्षणात सुमारे ७८ टक्के लोक म्हणाले, की नजरेसमोर अनपेक्षित काही आलं तर माणसाच्या ते लक्षात येतंच. गोरिला न दिसण्यापेक्षा हा भरवसा मला जास्त घातक वाटतो.

बरं, प्रयोग माहीत असलेल्यांचं काय? सायमन्स यांनी २०१० मध्ये नवी फिल्म केली. गोरिला येतोच, पण त्याच वेळी मागच्या पडद्याचा रंग बदलतो आणि काळ्या शर्टवाल्यांपैकी एक जण खेळ सोडून निघून जातो. ज्यांना जुना प्रयोग ठाऊक होता त्या सगळ्यांनी गोरिला बरोबर पकडला. पण बाकीच्या दोनपैकी निदान एक बदल टिपणारे त्यांच्यातले फक्त १७ टक्के. ज्यांना प्रयोग माहीत नव्हता, त्यांच्यात २९ टक्के!

मग उपाय? जपानमध्ये रेल्वेचे कर्मचारी प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने पुकारतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या चाचणीत या पद्धतीने साध्या कामातल्या चुका जवळपास ८५ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गार्ड फलाटाच्या मध्यावरच्या पट्टेरी फळीकडे प्रत्येक स्टेशनात बोट दाखवतो. आपल्या रेल्वेतही लोको पायलट आणि सहायक लोको पायलट सिग्नलचा रंग एकमेकांना पुकारून सांगतात. बोट, तोंड आणि कान कामाला लावले की सिग्नलवरून नजर नुसती घसरून जात नाही.

वाद अजून चालू आहे

गोरिलावर शेवटचा शब्द झालेला नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पास्कल वॉलिश यांच्या गटाने २०२३ साली दाखवलं, की अनपेक्षित वस्तू झपाट्याने हलत असेल तर ती बऱ्याच जास्त लोकांच्या लक्षात येते. मूळ गोरिला रमतगमत चालत होता. जंगलात अंगावर झेप घेणाऱ्या जनावराला आपले पूर्वज असे हुकले नसते, हे ऐकून हायसं वाटतं.

आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याहून मुळाशी हात घातला. तोवर बहुतेक जण ‘दिसलं का?’ एवढंच विचारून थांबत. त्यांनी हजारो लोकांवर प्रयोग करून ‘नाही’ म्हणणाऱ्यांना आणखी एक प्रश्न टाकला: बरं, नसेल दिसलं, पण अंदाजाने सांगा, ती वस्तू डावीकडे होती की उजवीकडे, रंग कुठला होता? नुसत्या छापा-काट्याने जितकी बरोबर येतील त्यापेक्षा जास्त उत्तरं बरोबर आली. म्हणजे ‘दिसलं नाही’ म्हणणाऱ्यांच्या मनात काहीतरी उमटलेलं असतं, फक्त ‘हो’ म्हणण्याइतकी त्यांची खात्री नसते. काहीच उमटत नाही, की उमटतं पण टिकत नाही, की टिकतं पण सांगता येत नाही? प्रयोगशाळांमध्ये सध्या याच प्रश्नावर जुंपली आहे.